ऋतूंचा अभ्यासक : हिपोक्रेटिस

इसवी सनापूर्वी सुमारे ४६० मध्ये एजियन समुद्रातील कॉस या ग्रीक बेटावर हिपोक्रेटिस यांचा जन्म झाला. वैद्यकी त्यांच्या घराण्यातच होती. वडिलांकडूनच त्यांनी तिचे पहिले धडे घेतले, असे परंपरा सांगते.

त्या काळी रोग म्हणजे देवतांचा कोप, अशी समजूत रूढ होती. रोगी मंदिरात नवस बोलत, मांत्रिकांना शरण जात. हिपोक्रेटिस व त्यांच्या शिष्यांनी मात्र रोगाचे कारण निसर्गातच शोधावे, असा आग्रह धरला. 'हवा, पाणी आणि स्थळे' हा ग्रंथ त्यांच्याच नावावर प्रसिद्ध आहे. अनोळखी गावी गेलेल्या वैद्याने आधी तेथील ऋतू, वारे आणि पाणी यांची पारख करावी, अशी शिकवण त्यात आढळते.

या परंपरेतील वैद्यांनी खोकल्याच्या एका साथीची सविस्तर नोंद केली आहे. 'पेरिंथसचा खोकला' या नावाने ती ओळखली जाते. दक्षिणेचे व उत्तरेचे वारे आलटून पालटून वाहिले, बर्फ पडले आणि ऐन हिवाळ्यात साथ सुरू झाली. काहींचा आजार पुढे फुप्फुसांपर्यंत गेला. पुरुषांच्या मानाने स्त्रियांना त्रास कमी झाला. त्या घराबाहेर कमी पडत, हे त्याचे कारण नोंदकर्त्याने दिले आहे. बाहेर न पडल्याने रोग्यांशी संपर्कही कमी येतो, असा त्याचा अर्थ आज लावता येतो.

वाऱ्यामुळे देहातील रस बिघडतात, हे त्या काळचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ साली वेगळा करण्यात आला. थंड व कोरड्या हवेत हा विषाणू अधिक सहज पसरतो, असे २००७ साली गिनीपिगवरील प्रयोगात दिसून आले. परंतु हा नियम सर्वत्र सारखा लागू पडत नाही. श्रीनगरमध्ये या रोगाचा जोर हिवाळ्यात असतो, तर भारताच्या बऱ्याच भागांत तो पावसाळ्यात वाढतो. म्हणूनच प्रत्येक स्थळाचे ऋतुमान स्वतंत्रपणे पाहावे लागते.

इसवी सनापूर्वी सुमारे ३७० मध्ये थेसली प्रांतातील लारिसा येथे हिपोक्रेटिस यांचे निधन झाले, असे मानतात. त्यांची अनेक अनुमाने मागे पडली. मात्र रोग्याबरोबरच त्याच्या भोवतालाकडेही डोळसपणे पाहण्याची त्यांनी दिलेली दृष्टी आजही वैद्यकाला मार्गदर्शक ठरते.