हाफकिन यांनी आधी स्वतःला लस टोचली, मग भायखळ्याचे कैदी पुढे आले. पण इतिहासात नाव एकाचंच राहिलं

निर्मळहून रिक्षाने नालासोपारा आणि तिथून लोकलने दादर गाठलं, की परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट काही लांब नाही. पोलिओचे थेंब असोत नाहीतर सर्पदंशावरचं इंजेक्शन, हाफकिन हे नाव आपण कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. बऱ्याच जणांना वाटतं की हे एखाद्या इंग्रज गव्हर्नरचं नाव असेल.

पण हाफकिन इंग्रज नव्हते आणि गव्हर्नर तर नव्हतेच. इतकंच काय, ते एमबीबीएस छाप डॉक्टरही नव्हते. तरीही मुंबईत प्लेगने थैमान घातलं तेव्हा त्यावरची लस याच माणसाने तयार केली.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात झाला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू होतं. विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखा शिक्षक मिळाला, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. पण त्या काळी रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले होत होते. आपल्या लोकांना वाचवायला तरुण हाफकिन पुढे झाले, त्यात जखमी झाले आणि अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी शब्द टाकला म्हणून सुटका झाली.

हुशारी होती, पण प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदलावा लागणार होता. हाफकिन यांनी नकार दिला आणि १८८८ मध्ये देश सोडला. जिनिव्हामार्गे ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. तिथे त्यांना काम मिळालं ते ग्रंथालयात, सहाय्यक म्हणून.

पुस्तकं सांभाळता सांभाळता ते कॉलऱ्यावर संशोधन करू लागले. लस तयार झाली. आता ती माणसाला चालते की नाही हे कळणार कसं? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला, आणि लस सुरक्षित आहे याची त्यांना खात्री पटली. १८९३ मध्ये ते ही लस घेऊन कलकत्त्यात आले आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी भारतात सुमारे ४२ हजार लोकांना ती टोचली.

इकडे मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रुग्णांना तपासताना डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखलं की हा साधा ताप नाही, ही प्लेगची गाठ आहे. बातमी पसरली आणि शहर रिकामं व्हायला लागलं. लाखो माणसं गावाकडे निघाली.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते पोहोचले. त्यांना जागा मिळाली ती जेजेच्या आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, एक खोली आणि एक व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्याच तयारीवर त्यांनी प्लेगच्या जंतूंवर काम सुरू केलं.

लसीची पद्धत अशी होती. मांसाच्या पातळ अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे. अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. पुरेसे वाढले की उष्णता देऊन ते मारायचे आणि मेलेल्या जंतूंचा तो द्रव लस म्हणून टोचायचा. शरीराला शत्रूची ओळख होते, पण शत्रू जिवंत नसतो. आपल्या स्वयंपाकघरातलं तूप जगातल्या पहिल्या प्लेगच्या लसीत असं उपयोगी पडलं.

तीन महिन्यांत लस हाताशी आली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पुन्हा तेच केलं. लस स्वतःला टोचून घेतली, तीही १० घनसेंटिमीटर. नंतर लोकांना जो डोस दिला गेला, त्याच्या तिपटीहून हा जास्त होता. ताप चढला, वेदना झाल्या, पण माणूस शाबूत राहिला.

एका माणसावरून मात्र काही सिद्ध होत नाही. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. बंद भिंती, सगळ्यांचं एकच अन्न, एकच पाणी, एकच हवा. लसीची परीक्षा घ्यायला याहून नेमकी जागा मिळाली नसती. स्वेच्छेने लस कोण घेणार असं कैद्यांना विचारण्यात आलं. जवळपास निम्मे पुढे आले.

टोचण्याआधीच ज्यांना लागण झाली होती असे काही जण सोडले, तर निकाल स्पष्ट होता. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांत २ जणांना झाला आणि दोघेही वाचले.

हे आकडे वाचायला सोपे आहेत. पण तो क्षण डोळ्यांसमोर आणा. बाहेर अफवांचा बाजार गरम आहे. सरकारी दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही असं लोकांचं ठाम मत आहे. कोणी एक परका साहेब मेलेल्या प्लेगचं पाणी अंगात सोडणार आहे. आणि विचारलं जातंय कोणाला, तर ज्याला दाराबाहेर जाण्याचीही मुभा नाही अशा कैद्याला. अशा माणसाच्या होकाराला कितपत स्वेच्छा म्हणायचं, हा प्रश्न आज कोणीही विचारेल. तरीही ते उभे राहिले आणि त्यांच्यामुळे लस खरी आहे हे कळलं.

पुढे तरुण आगाखान तिसरे यांनी सगळ्यांसमोर लस टोचून घेतली, एकदा नाही, अनेकदा. हजारो खोजांनी त्यांचं पाहून लस घेतली. १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात घराघरातल्या निम्म्या लोकांना लस देऊन तुलना करण्यात आली. प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेल्यांपैकी ३ मेले, न घेतलेल्यांपैकी २६. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले.

मग आला ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ जणांना लस देण्यात आली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून लस दिलेली होती.

ठपका आला परळच्या प्रयोगशाळेवर. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आलं. ते इंग्लंडला गेले आणि पुढची काही वर्षं स्वतःचं निर्दोषत्व सिद्ध करण्यात घालवली. तपासाच्या कागदांतच खरी गोष्ट होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच पुन्हा वापरला गेला होता. म्हणजे दोष बाटली उघडताना झाला, परळमध्ये नाही. मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञ १९०७ मध्ये त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले. त्याच वर्षी सरकारने कलंक पुसला.

पण गेलेली वर्षं परत आली नाहीत. हाफकिन भारतात परतले ते कलकत्त्याला. परळचं पद मिळालं नाही आणि नव्या लसींच्या चाचण्या घेण्याची मोकळीकही राहिली नाही. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन युरोपात गेले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. तोपर्यंत मुंबईतून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ते वारले. १९६४ मध्ये भारताने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

म्हणजे हाफकिन यांना मान मिळाला, उशिरा का होईना. कैद्यांचं काय?

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला असाच प्रसंग घडला. १९०० मध्ये क्युबात अमेरिकन लष्कराचे डॉक्टर वॉल्टर रीड पीतज्वर डासांमुळे पसरतो का हे तपासत होते. त्यांचे सहकारी जेसी लेझियर त्या कामातच पीतज्वराने गेले. मग काही सैनिक आणि स्पेनहून आलेले मजूर स्वतःला डास चावून घ्यायला तयार झाले. मजुरांशी लेखी करार करण्यात आला: भाग घेतल्याबद्दल १०० डॉलर, आजार झाला तर आणखी १००. प्रयोगात भाग घेणाऱ्याची लेखी संमती घेण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांत हा करार धरला जातो.

१९२९ मध्ये अमेरिकन संसदेने कायदाच केला. या प्रयोगात सहभागी झालेल्यांना सुवर्णपदक, हयात असलेल्यांना किंवा त्यांच्या विधवांना महिना १२५ डॉलर पेन्शन, आणि लष्कराच्या अधिकृत नोंदवहीत दरवर्षी छापली जाणारी सन्मानयादी. मूळ यादीत २२ नावं होती. त्यात डॉक्टर होते, तसेच साधे शिपाईही होते. पण ज्यांनी करारावर अंगठा किंवा सही केली होती, ते स्पॅनिश मजूर यादीत नव्हते. तिथेही सन्मान झाला तो अर्धाच.

भायखळ्यात मात्र ना पदक, ना पेन्शन, ना यादी. उंढेऱ्याच्या घरांचंही तेच आणि मुल्कोवालच्या १९ जणांचंही. त्यांचा उल्लेख येतो तो फक्त आकडा म्हणून. खरं तर हाफकिन यांनी स्वतःवर सुई चालवून एक नियम घालून दिला होता, की जो धोका दुसऱ्याला घ्यायला सांगायचा तो आधी आपण घ्यायचा. त्या धोक्यात त्यांच्यासोबत जे उभे राहिले, त्यांना संस्थेच्या नावात नाही तर निदान गोष्टीत तरी जागा हवी.

आज भारतात औषधाची चाचणी घ्यायची तर माहिती देऊन संमती घ्यावी लागते, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई देण्याचा नियम आहे. भायखळ्यात १८९७ मध्ये यातलं काहीच नव्हतं. तरी पुढच्या वेळी परळला हाफकिनची पाटी दिसली, तर तिथून थोड्याच अंतरावर भायखळ्यात रांगेत उभ्या राहिलेल्या त्या माणसांचीही आठवण काढायला हरकत नाही.