छोट्या मालगाडीला आपण ‘टेम्पो’ का म्हणतो? नवलमल फिरोदिया यांची गोष्ट

पहाटे मंडईत गेलात तर एक गोष्ट लगेच दिसेल. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून भाजी घेऊन येणाऱ्या गाड्यांची रांग. कुणी टाटाची, कुणी महिंद्राची, कुणी आणखी कुठली. पण हमालाला, भाजीवाल्याला आणि मागे अडकलेल्या रिक्षावाल्याला विचारा, सगळे एकच शब्द वापरतील: टेम्पो.

खरं तर टेम्पो हे गाडीच्या प्रकाराचं नावच नाही. तो एक ब्रँड होता. कुठल्याही फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो ना, तसंच झालं. हा ब्रँड ज्यांनी भारतात आणला आणि ऑटोरिक्षा ज्यांच्यामुळे आपल्या रस्त्यावर आली, तो माणूस एकच: नवलमल कुंदनमल फिरोदिया.

पुण्यात कॉलेजला असाल तर फिरोदिया हे नाव तुम्ही फिरोदिया करंडकमुळे ऐकलं असेल. पण आज त्या घराण्यातल्या गाडीवाल्या माणसाबद्दल बोलू. आणि शेवटी हेही बघू, की अंगणात पडलेला जुना टेम्पो किंवा पिकअप घरी नीट करायचा असेल तर या माणसाच्या कामातून काय शिकता येतं.

नगरचं घर आणि दोनदा तुरुंग

नवलमल यांचा जन्म 1910 चा. घर तेव्हाच्या अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं. वडील कुंदनमल फिरोदिया स्वातंत्र्य चळवळीतले. 1946 मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. अशा घरात वाढलेला मुलगा चळवळीपासून लांब राहणं शक्यच नव्हतं. नवलमल गांधीजींच्या विचारांचे झाले आणि 1932 आणि 1942 असा दोन वेळा तुरुंगवास भोगला.

हे सांगण्याचं कारण आहे. पुढे त्यांनी गाड्या बनवल्या, कारखाने काढले, पण सुरुवात ‘कुठला धंदा चालेल’ इथून झाली नव्हती. माणसाने माणसाला ओढायचं हे त्यांना पटत नव्हतं. देशातल्या अनेक शहरांत तेव्हा हातरिक्षा चालायच्या. एक माणूस वर बसलेला, दुसरा घाम गाळत धावणारा. स्वातंत्र्य मिळालं तरी हे असंच चालू राहणार का, हा खरा प्रश्न होता.

भारतातलं एक मोठं ‘मॉडिफिकेशन’

स्वातंत्र्याच्या आसपासची गोष्ट. फिरोदियांनी एका मासिकात एक फोटो पाहिला. इटलीच्या पियाजिओ कंपनीची तीन चाकी मालगाडी. स्कूटरचंच इंजिन, स्कूटरसारखाच पुढचा भाग आणि मागे माल ठेवायला हौदा. युद्धानंतर इटलीत पैसा कमी होता, रस्ते खराब होते, त्यामुळे छोट्या दुकानदारांसाठी अशी स्वस्त गाडी निघाली होती.

बहुतेकांनी तो फोटो बघून पान उलटलं असतं. फिरोदियांना त्या हौद्याच्या जागी सीट दिसली.

त्यांनी 1948 मध्ये ही गाडी मागवली आणि तिच्यात बदल करून घेतले. माल वाहायची जागा काढून तिथे माणसं बसतील अशी सोय केली. आज आपण ज्याला कस्टमाइज करणं म्हणतो, तेच हे. इंजिन तेच, चाकं तीच, पण गाडीचं काम बदललं. नावही त्यांनीच दिलं: ऑटोरिक्षा. म्हणजे रिक्षा तीच, फक्त ओढणारा माणूस गेला आणि मोटर आली.

आता पुढचा भाग नीट वाचा, कारण शेवटी याच मुद्द्यावर परत यायचं आहे. गाडी तयार झाली म्हणून त्यांनी ती थेट रस्त्यावर सोडली नाही. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. फिरोदियांनी गाडी त्यांना प्रत्यक्ष दाखवली आणि सरकारची परवानगी मिळवली. सुरुवातीला अगदी मोजके परवाने मिळाले. टांगे आणि सायकलींच्या पुण्यात हे नवं वाहन धावायला लागलं आणि ऑटोरिक्षा सर्वात आधी पाहणाऱ्या शहरांत पुण्याचं नाव लागलं.

टेम्पो आला हॅम्बुर्गहून

माणसांचा प्रश्न मार्गी लागला. मालाचं काय? शहरात माल हलवायचा तर तेव्हा दोन टोकं होती: एकीकडे हातगाडी आणि बैलगाडी, दुसरीकडे मोठा ट्रक. मधलं काहीच नव्हतं.

मंडईचंच उदाहरण घ्या. ही इमारत 1886 ची. तेव्हा मोटारगाडी भारतात आलेलीही नव्हती. आजूबाजूच्या गल्ल्या बैलगाडी आणि हातगाडीच्या मापाच्या. तिथे मोठा ट्रक घुसवला तर तो बाहेर काढायला अर्धा दिवस.

जर्मनीत हॅम्बुर्गजवळ विडाल अँड सोन नावाची कंपनी होती. तिच्या गाड्यांचा ब्रँड टेम्पो. 1958 मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि विडालच्या तंत्रज्ञानावर टेम्पो हॅन्सिएट ही तीन चाकी मालगाडी भारतात बनायला लागली. सुरुवात मुंबईत गोरेगावला झाली, पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला.

हॅन्सिएट तुम्ही जुन्या सिनेमात पाहिली असेल. पुढे लांबुडकं नाक, त्याखाली एक चाक, मागे दोन चाकं आणि हौदा. दिसायला गमतीदार, पण आतली रचना हुशारीची होती.

* इंजिन पुढे, जोरही पुढच्या चाकाला. इंजिन नाकात, पुढच्या चाकाच्या वर बसायचं आणि चेनने त्याच चाकाला फिरवायचं. त्यामुळे मागच्या चाकापर्यंत जाणारा लांब शाफ्ट लागायचाच नाही.
* हौदा खाली. शाफ्ट नाही, म्हणून माल ठेवायची जागा जमिनीच्या जवळ ठेवता आली. पोतं फार वर उचलावं लागत नाही. हमालाच्या पाठीला याचा अर्थ बरोबर कळतो.
* टू-स्ट्रोक इंजिन. त्यात व्हॉल्व्हची भानगड नाही, सुटे भाग कमी, त्यामुळे रस्त्यावरचा मेकॅनिकही ते उघडून दुरुस्त करू शकायचा. तोटा म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, म्हणून मागे निळा धूर.
* पुढे एकच चाक. अरुंद गल्लीत वळायला सोपं. पण भरधाव वळण घेतलं तर तोल जाण्याची भीती. ही गाडी हळू आणि जवळच्या कामासाठीच होती.

ती इतकी चालली की टेम्पो हे विशेषनाम न राहता सामान्यनाम झालं. जर्मनीत हॅन्सिएट 1950 च्या दशकातच बंद पडली. आपल्याकडे ती जवळपास 2000 सालापर्यंत बनत होती.

मग मॅटॅडोर, मग लुना

पुढचा टप्पा चार चाकांचा. 1970 च्या सुमारास मॅटॅडोर आली. तीही मुळात टेम्पोचीच जर्मन गाडी. शाळेची व्हॅन, रुग्णवाहिका, लग्नाचं वऱ्हाड, दुधाच्या क्रेट, सगळं मॅटॅडोरमधून गेलं. घरात आजोबांना विचारा, कुठल्याही मोठ्या व्हॅनला ते अजून मॅटॅडोरच म्हणत असतील.

बजाज आणि फिरोदिया ही दोन घराणी सुरुवातीला एकत्र होती. 1960 च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बजाज ऑटो बजाजांकडे राहिली, बजाज टेम्पो फिरोदियांकडे. नवलमल यांचे भाऊ हस्तीमल फिरोदिया यांनी कायनेटिक कंपनी काढली आणि लुना बाजारात आणली. म्हणजे ऑटोरिक्षा, टेम्पो आणि लुना, तिन्हींच्या मागे नगरचं एकच घर.

नवलमल फिरोदिया 1997 मध्ये गेले. बजाज टेम्पोचं नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झालं. कंपनीच्या नावातून टेम्पो गेला, पण मंडईतून काही गेला नाही.

घरी जुना टेम्पो पडलाय? आधी हे करा

काकांची जुनी मॅटॅडोर किंवा एखादी बंद पिकअप घरामागे उभी असेल, तर ती नीट करायचा विचार मनात येतोच. फिरोदियांनी सुरुवात गाडीच्या दिसण्यापासून नाही, कामापासून केली. तुम्हीही आधी ठरवा, ही गाडी करणार काय? शेतमाल नेणार, फूड ट्रक होणार की फक्त आठवण म्हणून जपायची? खर्च, वेळ आणि कागदपत्रं, सगळं या एका उत्तरावर ठरतं.

मग हा क्रम धरा:

1. कागद बघा. आरसी आहे का? एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणी आणि फिटनेसची स्थिती तपासा. चॅसिस नंबर आरसीशी जुळतो का ते स्वतः बघा. इथेच घोळ असेल तर पुढे एक रुपयाही घालू नका.
2. फोन काढा. प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो घ्या. नट-बोल्ट छोट्या पिशव्यांत भरून वर नाव लिहा. सहा महिन्यांनी कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही.
3. आधी गंज, मग रंग. चॅसिस, केबिनची फरशी आणि हौद्याचे सांधे ठोकून बघा. गंजावर नुसता रंग मारला तर तो पुन्हा वर येणारच. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या.
4. बंद इंजिन लगेच स्टार्टरने फिरवू नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टन जॅम झालेला असू शकतो. स्पार्क प्लग काढा, डिझेल इंजिन असेल तर इंजेक्टर काढावे लागतील. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून एक-दोन दिवस थांबा, मग हाताने हळूच फिरवून बघा. टाकीतलं जुनं इंधन काढून टाका. टू-स्ट्रोक असेल तर नव्या पेट्रोलमध्ये ऑइल योग्य प्रमाणात मिसळायला विसरू नका, नाहीतर पिस्टन पुन्हा अडकेल.
5. चालण्याआधी थांबायची सोय. ब्रेकचे रबरी भाग आणि होस पाइप न चालवताही खराब होतात. ते बदला, ब्रेक ऑइल नवं भरा. टायरला वरून नक्षी दिसत असली तरी बाजूने भेगा असतील तर टायर गेला समजा.
6. वायरिंग. जुन्या वायरींचं आवरण टणक होऊन तुटतं. नवे दिवे, स्पीकर लावायच्या आधी जुनी वायर बदला आणि प्रत्येक जोडणीला फ्यूज द्या.

‘माझी गाडी, मी काहीही करीन’ असं चालतं का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतं. चॅसिस लांबवणं, हौदा वाढवणं, वेगळंच इंजिन बसवणं ही कामं घरच्या घरी करायची नाहीत. रंग बदललात तरी आरसीवर नोंद करून घ्या. इलेक्ट्रिक किंवा सीएनजी किट बसवायचं असेल तर ते मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेलं हवं. अशी एक मोठी संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे.

आणि हो, 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 पासून वेगळी विंटेज नोंदणी आहे. पण तो नियम दुचाकी आणि चारचाकींचा, आणि अशी गाडी धंद्यासाठी चालवता येत नाही. त्यामुळे तीन चाकी हॅन्सिएट मिळाली तर ती विंटेज म्हणून नोंदवता येईल असं समजू नका.

हे नियम जाच वाटतात, मान्य. पण मंडईच्या गर्दीत एक वाढवलेला हौदा आणि ब्रेक न लागणारा टेम्पो शिरला तर काय होईल, एवढं डोळ्यासमोर आणा. फिरोदियांनी परदेशी मालगाडीचा हौदा काढून तिथे सीट बसवली, हे आजच्या भाषेत भलंमोठं मॉडिफिकेशन होतं. ते टिकलं, कारण गाडी ज्या कामासाठी बदलली ते काम गरजेचं होतं आणि बदललेली गाडी त्यांनी आधी सरकारला दाखवली. तुमचा बदल परवानगीत बसतो का, हे स्पॅनर हातात घेण्याआधी आरटीओत विचारून या.