विश्लेषण : फोनची रॅम खाणाऱ्या ‘लायब्ररी’ आल्या कुठून? ग्रेस हॉपर यांनी ७० वर्षांपूर्वी काय केले होते?

अर्धा फॉर्म भरून तुम्ही ओटीपी पाहायला दुसऱ्या ॲपमध्ये जाता. परत येता तो फॉर्म कोरा! कमी रॅमच्या फोनवर हे नेहमीचे. अनेकदा ॲपचा स्वतःचा कोड थोडाच असतो. जागा खातात ते त्याने सोबत आणलेले तयार कोडचे गठ्ठे, म्हणजे ‘लायब्ररी’. असा तयार कोड यंत्रानेच शोधून जोडावा, हे करून दाखवणाऱ्यांत अग्रभागी होत्या अमेरिकी गणितज्ञ ग्रेस हॉपर.

कोण होत्या हॉपर?
जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. सात वर्षांच्या असताना गजर कसा वाजतो हे पाहण्यासाठी त्यांनी घरातली सात घड्याळे खोलून ठेवली होती. १९३४ मध्ये येल विद्यापीठाची पीएचडी, शिवाय वासार कॉलेजात अध्यापन. महायुद्धात वजन कमी भरत असतानाही सवलत मिळवून त्या नौदलाच्या राखीव दलात शिरल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या ‘मार्क-१’ या अवाढव्य गणनयंत्रावर रुजू झाल्या.

वहीतून टेपवर…
तिथे साइन, वर्गमूळ अशा गणितांचे तयार तुकडे सहकारी एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेत. उतरवताना आकडा चुके, की सगळे गणित चुके. केंब्रिजच्या ‘एडसॅक’ संगणकासाठी कागदी फितींवर अशी लायब्ररी तयार झाली होती. ‘युनिव्हॅक’वर काम करताना हॉपर यांनी पुढचे पाऊल टाकले. १९५२ च्या त्यांच्या ‘ए-०’ प्रणालीत तुकडे चुंबकीय टेपवर असत, प्रत्येकाला क्रमांक असे. प्रोग्रामरने क्रमांक द्यायचे. संगणक तेवढेच तुकडे शोधून, पत्ते जुळवून एकत्र बांधे.

‘तेवढेच’ हा शब्द महत्त्वाचा. युनिव्हॅकच्या मुख्य स्मृतीत १००० शब्द मावत, प्रत्येकी १२ अक्षरांचे. हा लेख आजच्या पद्धतीने साठवला, तर त्यातली अर्ध्याहून अधिक जागा त्यानेच अडवली असती. अख्खी लायब्ररी आत ओढण्याची चैन कुणाला परवडणार?

मग बिघडले कुठे?
आज ॲपला केवळ तारीख नीट दाखवायची असते. त्यासाठी घेतलेली लायब्ररी आणखी दोन लायब्ररींवर अवलंबून, त्या आणखी चारांवर. न वापरलेला कोड गाळणारी साधने आहेत, पण ती सगळे गाळू शकत नाहीत. बराच भाग फोनच्या साठवणीत निपचित पडून राहतो हे खरे. मात्र ॲप उघडताच यातल्या अनेक लायब्ररी आपापली तयारी करू लागतात आणि त्यासाठी रॅम अडवतात. रॅम संपत आली, की फोन मागचे ॲप बंद करतो. तुमचा फॉर्म जातो तो इथे.

याचा दोष हॉपर यांना द्यायचा का? थोडा व्यवहार त्यांचाच आहे. यंत्राने जोडलेला प्रोग्राम हाताने घासूनपुसून लिहिलेल्यापेक्षा जास्त जागा आणि वेळ घेतो, हा आक्षेप तेव्हाही होता. माणसाचा वेळ वाचणे अधिक मोलाचे, हे त्यांचे गणित होते. पुढे ‘फ्लो-मॅटिक’ आणि त्यातून ‘कोबोल’ भाषा आली, तीही याच हिशेबातून. पण काय खर्च होते आहे, याकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. आजच्या ॲप-कंपन्यांबद्दल तसे म्हणता येत नाही.

खर्च डोळ्यांना दिसावा म्हणून त्या व्याख्यानांत साधारण ३० सेंटिमीटरच्या तारा वाटत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त तेवढेच अंतर कापू शकते. मग मायक्रोसेकंद दाखवायला सुमारे ३०० मीटर तारेचे भेंडोळे काढत. प्रत्येक प्रोग्रामरने ते गळ्यात अडकवून फिरावे, असे सुचवत.

१९८६ मध्ये ७९ व्या वर्षी त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्या तारांचा एक जुडगा वॉशिंग्टनच्या अमेरिकी इतिहास संग्रहालयात जपून ठेवला आहे.