डॉक्टर आनंदीबाई जोशी

पुण्याच्या स्वारगेट स्थानकातून साताऱ्याच्या वाटेने कोल्हापुरास रोज गाड्या सुटतात, व आपल्या खेड्यांतील पुष्कळ बंधुभगिनी त्यांत बसून गेलेले असतील. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झालेली एक बाई ह्याच पुण्यात मरण पावली. कामावर रुजू होणे तिच्या नशिबी नव्हते. त्या बाईचा वृत्तांत येथे देत आहो.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी ह्यांच्याशी झाले. चौदाव्या वर्षी त्यांस मुलगा झाला, तो अवघे दहा दिवस जगला. वैद्यकीय मदतीवाचून तो गेला, हे शल्य त्यांच्या मनातून गेले नाही. पुरुष वैद्यापुढे स्त्रिया दुखणे सांगत नाहीत, ह्यास्तव आपणच ती विद्या शिकावी असा त्यांनी निश्चय केला.

पत्नीस शिकविण्याचा गोपाळरावांस ध्यासच होता. मात्र त्यांचा स्वभाव फार कठोर होता, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनरी साहेबांस मदतीविषयी लिहिले. त्या दोघांनी आधी ख्रिस्ती व्हावे, असा साहेबांचा अभिप्राय पडला. तो त्यांस मान्य झाला नाही. मिशनच्या शाळांत शिकलेल्या आपण ही गोष्ट झाकून ठेवू नये. साहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, हे मात्र बरे झाले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती आला. १८८० साली त्यांनी स्वतः होऊन पत्र पाठविले. अट कोणतीच घातली नाही.

१८८३ साली सेरामपूर कॉलेजात, म्हणजे केरीसाहेबांच्या त्या प्रसिद्ध विद्यालयात, आनंदीबाईंनी भाषण केले, आणि आपण हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असे स्पष्ट सांगितले. एप्रिलात त्या कलकत्त्याहून निघाल्या, त्या मिशनच्याच बायकांच्या सोबतीने. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाने त्यांचा धर्म आड येऊ दिला नाही. तेथे जपान व सिरिया देशांच्या मुलीही शिकत होत्या. थंडी सोसवेना, अन्न मानवेना; तशातही प्राचीन हिंदू लोकांच्या प्रसूतिविद्येवर त्यांनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली. त्या समारंभास त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई विलायतेहून मुद्दाम आल्या होत्या. रमाबाई तेव्हा ख्रिस्ती झालेल्या होत्या. तरी नाते तुटले नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांचा विभाग त्यांच्याकडे यावयाचा होता. परंतु क्षयाने त्यांस आधीच ग्रासले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्या निवर्तल्या. त्यांची रक्षा समुद्रापलीकडे कार्पेंटरबाईंकडे धाडण्यात आली, व त्यांनी ती न्यूयॉर्क प्रांतात पकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेविली.