डॉक्टरच्या नळीतून इंजिनाच्या तेलापर्यंत

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. २००१ पासून इथे स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. गाडी शेंद्र्यात बनलेली असो की चाकणला, सर्व्हिसिंगच्या वेळी मालकासमोर एक आकडा येतोच : ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० किंवा तसाच एखादा. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, म्हणून जाड तेल टाका, असा सल्लाही मिळतो. हा आकडा नेमके काय मोजतो, हे समजून घ्यायचे तर मोटारीचा शोध लागण्याआधीच निवर्तलेल्या एका फ्रेंच डॉक्टरकडे वळावे लागते.

झाँ लेओनार मारी प्वाझेय यांचा जन्म २२ एप्रिल १७९७ रोजी पॅरिसमध्ये, एका सुताराच्या घरी झाला. १८१५ मध्ये त्यांना एकोल पॉलिटेक्निक या नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला. मात्र पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये राजकीय कारणांवरून सरकारने ही संस्थाच बरखास्त केली. प्वाझेय वैद्यकाकडे वळले, पण भौतिकशास्त्राची मोजमापाची सवय त्यांनी सोडली नाही.

रक्ताचा दाब मोजण्याचा प्रयत्न इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स यांनी आधीच केला होता. घोडीच्या धमनीला जोडलेल्या काचेच्या उभ्या नळीत रक्त सुमारे अडीच मीटर चढले होते. एवढी उंच नळी घेऊन बारीक नोंदी करणे अवघडच. प्वाझेय यांनी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली नळी घेऊन तिच्यात जड पारा भरला आणि रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम कार्बोनेट वापरले. १८२८ च्या प्रबंधात त्यांनी हे साधन मांडले. रक्तदाब आजही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगितला जातो, तो याच परंपरेतून.

या प्रयोगांत एक कोडे पुढे आले. मोठ्या धमनीत आणि तिच्याहून बऱ्याच लहान धमनीत दाब जवळपास सारखाच भरत होता. मग हृदयाने दिलेला जोर खर्च होतो कुठे? प्वाझेय यांचे लक्ष केसाहून बारीक रक्तवाहिन्यांकडे गेले. त्यांतला प्रवाह थेट मोजणे शक्य नव्हते आणि रक्त बाहेर काढले की गोठत होते. म्हणून त्यांनी अतिशय बारीक छिद्रांच्या काचेच्या नळ्या घेतल्या आणि त्यांतून शुद्ध पाणी ठरावीक दाबाने सोडून ते वाहायला किती वेळ लागतो हे मोजले.

१८४० च्या सुमारास निष्कर्ष हाती आला. प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो आणि नळीच्या लांबीच्या प्रमाणात घटतो. पण नळीच्या व्यासाचा परिणाम चौथ्या घाताने होतो. व्यास निम्मा केला, तर प्रवाह थेट सोळाव्या हिश्श्यावर येतो. धमनी थोडीशी अरुंद झाली तरी डॉक्टर चिंतेत का पडतात, याचे एक कारण इथे आहे. जर्मनीत हागेन यांनीही स्वतंत्रपणे असाच नियम शोधला होता. फ्रेंच विज्ञान अकादमीच्या समितीने प्वाझेय यांचे प्रयोग तपासून मान्य केले.

त्यांनी तापमानाचीही नोंद ठेवली. शून्य अंशावरच्या पाण्यापेक्षा ४५ अंशांवरचे पाणी त्याच नळीतून सुमारे तिप्पट वेगाने वाहते. द्रवाचा वाहण्याला होणारा हा अंतर्गत विरोध म्हणजे श्यानता. तेलात ती तापमानाबरोबर पाण्यापेक्षाही झपाट्याने बदलते.

२६ डिसेंबर १८६९ रोजी प्वाझेय यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. पुढे १९१३ मध्ये श्यानतेच्या एककासाठी त्यांच्या नावावरून ‘पॉइझ’ हे नाव सुचवले गेले. इंजिन ऑइलची चाचणी आजही प्रयोगशाळेत बारीक काचेच्या नळीतून होते : ठरावीक तेल १०० अंशांवर खाली उतरायला किती सेकंद घेते, ते पाहायचे. ‘३०’ म्हणजे त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ‘४०’ म्हणजे त्यापुढे १६.३ पर्यंत. ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. ५डब्ल्यू तेलाने उणे ३० अंशांवरही इंजिन फिरू द्यायला हवे.

शेंद्र्यात तशी थंडी कधीच पडत नाही. उन्हाचे म्हणाल, तर बाहेर १२ अंश असोत की ४२, चालत्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट साधारण नव्वदच्या आसपास राखतो. म्हणजे केवळ उन्हाळा आला म्हणून तेल जाड करण्याची गरज नसते. पहाटे गाडी सुरू करताना मात्र तेल तापलेल्या अवस्थेपेक्षा दहा पटींहून अधिक दाट असते आणि नव्या इंजिनांतल्या अरुंद वाटांमधून ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ धातूवर धातू घासण्याचा धोका असतो. उलट गरजेपेक्षा पातळ तेलाचा थर भाराखाली टिकत नाही.

म्हणून गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला आकडा आणि त्याशेजारचे मानक, दोन्ही डब्यावर जुळतात का ते पाहावे. पुस्तिकेने दोन आकड्यांची मुभा दिली असेल, तरच सतत जड ओझे किंवा घाटाचा प्रवास असल्यास त्यांतला जाड निवडावा. जुन्या इंजिनासाठी सांगितलेले २०डब्ल्यू-५० नव्या इंजिनात ओतू नये. त्यातल्या वाटा वेगळ्या मापाच्या असतात आणि वाट अरुंद झाली की प्रवाह किती घटतो, याचा हिशेब प्वाझेय यांनी कधीच मांडून ठेवला आहे.