विश्लेषण : दुष्काळातली अनाथ मुले, परदेशी मिशनरी आणि पंडिता रमाबाई… परतवाडा भागाशी संबंध काय?

परदेशातून काही आठवड्यांसाठी येऊन अनाथाश्रमात सेवा करणाऱ्या ख्रिस्ती तरुणांच्या ‘मिशन ट्रिप’बद्दल जगभर वाद होतात. मुलांना त्याचा उपयोग किती आणि सेवेच्या आडून धर्मप्रसार होतो का, हे त्यातले मुख्य प्रश्न. महाराष्ट्रात तेच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या ‘मुक्ती’ संस्थेवरून विचारले गेले.

दुष्काळाशी रमाबाईंचा संबंध काय होता?

त्या स्वतः दुष्काळात पोरक्या झाल्या होत्या. जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्रे फिरत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात आधी वडील, मग आई आणि नंतर थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे अर्धपोटी, अनवाणी देशभर हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पुढे भाऊ गेला, पतीही गेले. लहानग्या मनोरमाला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

मुली केडगावला कशा आल्या?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती आणि शहरात नव्या मुली ठेवण्यास प्रशासनाची मनाई होती. त्यामुळे केडगावच्या शेतावर निवारे उभारावे लागले. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. (आज अशी मुले परस्पर नेता येत नाहीत. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार सापडलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते.)

परदेशी स्वयंसेवक किती काळ राहत?

पैसा बराचसा अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातून येई, तिथली माणसेही येत. अमेरिकेच्या मिनी अब्राम्स १८८७ पासून मुंबईत काम करत होत्या, मराठी शिकल्या होत्या. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा केडगावचा कारभार त्यांनी पाहिला. आजच्या पंधरा दिवसांच्या फेरीशी याची तुलनाच होत नाही. मात्र संस्थेची सूत्रे अखेरपर्यंत रमाबाईंच्याच हाती राहिली.

परतवाडा भागाशी संबंध कोणता?

मुक्ती संस्था मुख्यतः मुली आणि स्त्रियांसाठी होती. मग दुष्काळातल्या मुलग्यांचे काय? रमाबाईंच्या सांगण्यावरून अल्बर्ट नॉर्टन या अमेरिकी मिशनऱ्याने १८९९ मध्ये दौंडला मुलग्यांसाठी आश्रम काढला. हे नॉर्टन त्याआधी एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूर भागात कोरकूंमध्ये काम करत होते. परतवाडा तेव्हा एलिचपूरची लष्करी छावणी होती. मेळघाटच्या पायथ्याशी काम केलेला हा माणूस केडगावच्या रेल्वेमार्गावरच पुढच्या दौंडला स्थिरावला.

धर्मांतराचा आक्षेप खरा होता का?

बऱ्याच अंशी, हो. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या शारदा सदनात धर्माबाबत तटस्थ राहण्याचे आश्वासन होते. तरी मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने टीका केली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. याच सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या, हे टीकेच्या गदारोळात मागे पडले.

केडगावला मात्र तटस्थतेचा प्रश्नच नव्हता. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनातल्या मुलीला घरी नेणारे कोणीतरी होते, दुष्काळातून आलेल्या मुलीला ते नव्हते. तिच्या वतीने नकार देणारेही कोणी नव्हते. दुसरीकडे, तिला जेवू घालणाऱ्या संस्थाही थोड्याच होत्या. पंढरपूरला प्रार्थना समाजाचा अनाथाश्रम १८७५ पासून होता, पण हजारो मुलांपुढे तो पुरणार किती?

शेवटच्या वर्षांत रमाबाई काय करत होत्या?

मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर. आश्रमाच्या छापखान्यात त्याचे खिळे मुलीच जुळवत. १९२१ मध्ये मनोरमा गेली. भाषांतराचे काम पुरे झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. केडगावची संस्था पुढेही चालू राहिली.