दादासाहेब फाळके: वाटाण्याच्या एका रोपावर कर्ज मिळवणारा माणूस

गेल्या महिन्यात मी एक उद्योग केला. कुंडीत वाटाणे पेरले, समोर स्टँडवर जुना मोबाईल लावला आणि टाईमलॅप्स सुरू केला. म्हटलं, कोंब कसा वर येतो ते तीस सेकंदांच्या व्हिडिओत दाखवू. चौथ्या दिवशी आईने कुंडी उचलून पाणी घातलं आणि परत ठेवली, पण दोन बोटं बाजूला. व्हिडिओत रोप एकदम उडी मारून डावीकडे सरकतं. शिवाय सकाळचा उजेड पिवळा, दुपारचा पांढरा, त्यामुळे सगळा व्हिडिओ लुकलुकतो. चार दिवस वाया.

मग आठवलं, हाच प्रयोग एका मराठी माणसाने १९१२ साली मुंबईत केला होता. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर. आणि त्याच्यासाठी ती गंमत नव्हती, त्यावर त्याचं सगळं घर अवलंबून होतं.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब. जन्म ३० एप्रिल १८७०, नाशिकजवळचं त्र्यंबकेश्वर. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला, मग बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि प्रोफेसर केल्फा नावाने प्रयोग करू लागले. (फाळके हे नाव उलटं फिरवून केल्फा!) पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी केली, ती सोडून छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रं बघायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटेना म्हणून छापखानाही सोडला. चाळिशी उलटलेली, हातात धंदा नाही, घरात दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई आणि मुलं.

अशा वेळी गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. डोक्यात एकच बसलं की असंच आपल्या राम-कृष्णांचं का दिसू नये? मग रोज तासन्‌तास सिनेमे बघणं, घरी येऊन प्रयोग, झोप नाही. डोळ्यांवर इतका ताण आला की दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचाराने आणि वेगवेगळ्या चष्म्यांनी नजर परत आली, आणि हे पुन्हा त्याच कामाला लागले. रात्री तीनपर्यंत फोनवर एडिटिंग करणाऱ्यांनो, हे वाचताय ना?

विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनला निघाले. ओळख कुणाची नाही. सिनेमाच्या एका साप्ताहिकाच्या ऑफिसात थेट जाऊन संपादकाला भेटले, त्याने सेसिल हेपवर्थ या ब्रिटिश निर्मात्याशी गाठ घालून दिली आणि हेपवर्थने स्टुडिओ फिरवून दाखवला. दोन आठवड्यांत जितकं बघता येईल तितकं पाहिलं, विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची ऑर्डर दिली आणि १ एप्रिलला परत.

पण सिनेमा काढायला पैसे? हातात दाखवायला काहीच नाही आणि हिंदुस्थानात असं काही बनू शकतं यावर कुणाचा विश्वास नाही. फाळक्यांनी सावकारांपुढे भाषण नाही दिलं. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ थोड्या थोड्या फ्रेम घेत राहिले. ‘अंकुराची वाढ’ या नावाची जेमतेम मिनिटभराची फिल्म तयार झाली. डोळ्यांदेखत कोंब फुटतो, वेल वर चढते. ती निवडक लोकांना दाखवली आणि यशवंतराव नाडकर्णींसारखे लोक कर्ज द्यायला तयार झाले.

इथे जरा गणित करूया, कारण ते आपल्या कामाचं आहे. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की त्यांनी रोज एक फ्रेम घेतली. मूकपटाचा वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेम. रोज एक फ्रेम धरली तर महिन्याचे ३० फ्रेम, म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाही! मिनिटाला ९६० फ्रेम लागतात, म्हणजे दिवसाला तीसेक तरी घ्यायलाच हव्यात. तुम्ही मोबाईलवर करताना हाच हिशोब उलटा करा. ३० एफपीएसचा २० सेकंदांचा व्हिडिओ म्हणजे ६०० फ्रेम. कोंब पाच दिवसांत वर येत असेल तर पाच दिवसांची ७,२०० मिनिटं भागिले ६००, दर बारा मिनिटांनी एक फोटो. साध्या टाईमलॅप्स मोडमध्ये एवढं अंतर बऱ्याच फोनला नसतं, त्यासाठी इंटरव्हल सेट करता येणारं अ‍ॅप घ्या. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, व्हाईट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, खिडकी बंद करून एकच बल्ब लावा, फोन चार्जरवर ठेवा. आणि घरच्यांना सांगून ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

कर्ज मिळालं आणि दादरच्या घरात ‘राजा हरिश्चंद्र’चं काम सुरू झालं. कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. कॅमेऱ्यात ती सरकावी म्हणून दोन्ही कडांना भोकं पाडायची, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म खलास. हे काम रात्री सरस्वतीबाई करायच्या. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, कलाकारांचे कपडे धुणं, शूटिंगच्या वेळी पांढरी चादर धरून ऊन चेहऱ्यावर टाकणं (म्हणजे आपला रिफ्लेक्टर), शिवाय केमिकल मिसळून फिल्म धुणं. दागिनेही त्यांनीच गहाण ठेवायला दिले. फाळक्यांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतो ते ठीकच, पण आजच्या भाषेत त्या घरात प्रॉडक्शन मॅनेजर, लाईट असिस्टंट आणि लॅब टेक्निशियन एकच बाई होती, आणि तिचं नाव किती जणांना माहीत असतं?

तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके, रोहिदास फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सहा महिने २७ दिवस काम चाललं. ३,७०० फुटांची फिल्म ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागली आणि चालली.

आता एडिटिंगवाल्यांसाठी खरा माल. फाळके जादूगार होते हे विसरू नका. देव अचानक प्रकट होतो ते कसं? सीन चालू असताना कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी होते तसेच पुतळ्यासारखे उभे राहायचं, देवाचं सोंग घेतलेल्याने येऊन जागेवर उभं राहायचं, कॅमेरा पुन्हा चालू. आपल्याकडे कॅमेरा थांबवायचीही गरज नाही, सलग शूट करा आणि मधला तुकडा कापून टाका. चुकतं कुठे? कापलेल्या जागी बाकीच्यांचा हात किंवा सावली हललेली असते. म्हणून स्टँड हवाच, आणि ढगाळ दिवशी हा शॉट घेऊ नका, उजेड बदलला की कट लगेच कळतो.

एकाच फ्रेममध्ये दोन चित्रं आणायची तर लेन्सचा अर्धा भाग झाकून शूट करायचं, फिल्म अंधारात मागे गुंडाळायची, दुसरा अर्धा झाकून परत शूट करायचं. जमलं की बिघडलं ते फिल्म धुतल्यावरच कळणार, अनडू बटण नाही. तेच काम आज काइनमास्टरमध्ये दोन लेयर आणि एक मास्क वापरून पाच मिनिटांत होतं.

आणि मोशन ग्राफिक्स? ‘आगकाड्यांची मौज’ नावाची त्यांची छोटी फिल्म होती, काडेपेटीतल्या काड्या आपोआप हलणारी. काडी जरा सरकवा, एक फ्रेम घ्या, परत सरकवा. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये हेच नाण्यांचं. मला विचाराल तर कीफ्रेम शिकण्याआधी प्रत्येकाने एकदा काड्यांवर हे करून बघावं. काडी सुरुवातीला थोडी, मध्ये जास्त आणि शेवटी पुन्हा थोडी सरकवली की हालचाल नैसर्गिक का दिसते, ते हातालाच कळतं. अ‍ॅपमध्ये इझ-इन, इझ-आउट लिहिलेलं असतं ते हेच.

पुढे ‘लंकादहन’मध्ये साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता, लोकांनी प्रचंड गर्दी केली. ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. चित्रपट कसा बनतो हे दाखवणारी एक फिल्मही त्यांनी काढली, म्हणजे बिहाइंड द सीन्ससुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. पण १९१८ मध्ये भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म्स कंपनी झाली आणि खर्चावरून, कामाच्या पद्धतीवरून खटके उडू लागले. ते सोडून काशीला गेले, काही काळाने परत आले. मग आवाज आला. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून पुरा झाला आणि त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकला वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.

‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण मिळत नाही. वाचलेला भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे आणि नेटवरही बघता येतो. बघाल तेव्हा गोष्ट सोडा, फक्त कट कुठे आहेत ते शोधा.

माझी कुंडी आता टेबलाला चिकटपट्टीने पक्की केली आहे. आईला सांगितलंय, पाणी सिरिंजने घाल. आज तिसरा दिवस.